काकांना तांब्या हवा होता: न्यूजर्सीहून सांगलीला परतलेल्या एका जोडप्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी मिरजेत वृद्ध रुग्णांच्या कुटुंबांसाठी समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण माझ्याकडे २०२३ च्या उन्हाळ्यात आलं. काकूंच्या परवानगीनेच ते लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र काकूंच्या हिशोबाच्या वहीतले आहेत.

काका मूळचे सांगलीच्या गावभागातले. वालचंदमधून इंजिनिअर झाले आणि १९७१ साली अमेरिकेला गेले. काकू साताऱ्याच्या. दोघंही पुढे अमेरिकेचे नागरिक झाले आणि दोघांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे राहू देणारं कार्ड, होतं. मुलगी न्यूजर्सीत, मुलगा ऑस्ट्रेलियात. सांगलीत पुतण्या, त्याचा हळदीचा व्यापार. नोकरी संपल्यावर काका-काकूंनी घर विकलं आणि ते मुलीकडे राहायला गेले. २०१९ मध्ये काकांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते, काकू एकाहत्तरच्या.

पहिली तीन वर्षं निभावली. डिसेंबर २०२२ मध्ये काका पहाटे बाहेर पडले, बर्फावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर पुनर्वसन केंद्रातल्या पहिल्या २० दिवसांचा सगळा खर्च मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने दिला. एकविसाव्या दिवसापासून रोजचा वाटा खिशातून जाऊ लागला. काका घरी आले तेव्हा त्यांना उठवायला, अंघोळ घालायला, रात्री सांभाळायला माणूस लागत होता.

अडचण

भारतात पुष्कळ जणांची समजूत असते की अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांचं सगळं सरकार बघतं. मेडिकेअर आजाराचा, शस्त्रक्रियेचा, इस्पितळाचा खर्च देते. पण माणसाला रोज खाऊपिऊ घालायचं, धुवायचं, कपडे बदलायचे, हा कायमचा सांभाळ ती देत नाही. तो खर्च मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, उचलते, पण जवळची पुंजी जवळजवळ संपल्यावर. शिवाय आधीच्या पाच वर्षांत पैसे कुणाच्या नावावर केले का, हेही तपासलं जातं. म्हणजे मध्यमवर्गीय जोडप्यातला एक आजारी पडला, तर दुसऱ्याच्या म्हातारपणाचे बरेच पैसेही त्यातच जातात.

विस्मृतीच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग असलेल्या एका निवासी केंद्राने महिना ८,१०० डॉलर सांगितले. तेव्हाच्या दराने पावणेसात लाख रुपये. दोघांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथलं सरकारी निवृत्तिवेतन, मिळून ३,९०० डॉलर, आणि शिल्लक सुमारे ३ लाख ६० हजार डॉलर. काकूंचा स्वतःचा खर्च धरला तर ही पुंजी सहा वर्षांत संपणार होती.

तरीही मुलगी म्हणाली, एक महिना ठेवून बघू. मार्च २०२३ मध्ये काका तिथे राहिले. केंद्र चांगलं होतं, स्वच्छ होतं, कर्मचारी हळुवार बोलायचे. काकू रोज दुपारी जायच्या. तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार त्यांनी मला दोनदा सांगितली. काका खुर्चीत बसून म्हणत होते, "तांब्या. तांब्या दे गं." कर्मचारी मुलीने बर्फ घातलेलं पाणी प्लास्टिकच्या पेल्यात आणून दिलं. काकांनी ते बाजूला सारलं. तिने पुन्हा आणलं, त्यांनी पुन्हा सारलं. तिसऱ्या वेळी पेला जमिनीवर गेला. संध्याकाळच्या नोंदवहीत लिहिलं गेलं की रुग्ण चिडचिड करतो, पाणी नाकारतो. दोन दिवसांनी शांत करणाऱ्या गोळीचा डोस वाढला.

त्या कर्मचारी मुलीचा काहीच दोष नव्हता. या आजारात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि लहानपणची मागे उरते. काकांचं पन्नास वर्षांचं इंग्रजी हळूहळू ओसरत होतं. त्यांना पाणीच हवं होतं, पण ते मागायला शब्द उरला होता तो गावभागातल्या घरातला.

समोरचे पर्याय

घरीच माणूस ठेवावा, हा पहिला विचार. तिथला दर तासाला ३२ डॉलर. दिवसाचे दहा तास धरले तरी महिना ९,६०० होतात, म्हणजे केंद्रापेक्षा जास्त, आणि रात्र उरतेच.

मुलीने थायलंडचीही माहिती काढली होती. चिआंग माईला एका स्विस माणसाने २००३ मध्ये सुरू केलेलं केंद्र आहे. तिथे मुख्यतः जर्मन बोलणारे विस्मृतीचे रुग्ण राहतात आणि युरोपातल्या खर्चाच्या मानाने कमी पैशात चोवीस तास एका रुग्णाजवळ एक माणूस असतो. आकडे तिला पटले होते. तांब्याची गोष्ट झाल्यावर तो कागद तिने स्वतःच बाजूला ठेवला.

मग भारत. पुण्यातल्या एका सहायक निवासाने, म्हणजे मदतनिसांसकट राहायची सोय असलेल्या संस्थेने, दोघांचे मिळून महिना सव्वा लाख आणि वर अनामत रक्कम सांगितली. सोयी होत्या, पण जवळचं कुणी पुण्यात नव्हतं. सांगली-साताऱ्यातल्या ज्या वृद्धाश्रमांकडे मी चौकशी केली, त्यांची अट एकच होती: माणूस हिंडता-फिरता हवा. अंथरुणाला खिळलेला किंवा घर सोडून निघून जाणारा रुग्ण घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांच्याकडे रात्रपाळीला तेवढी माणसंच नसतात, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

राहिला तो शेवटचा पर्याय: सांगलीत भाड्याचं घर, दिवसपाळी-रात्रपाळीची माणसं आणि पुतण्याचं कुटुंब हाकेच्या अंतरावर. पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, तुम्ही फक्त या. बाकीचं मी बघतो." हे तो मनापासून बोलला होता. पुढे काय झालं, ते खाली येईलच.

निर्णय आणि तयारी

पहिला निर्णय पासपोर्टचा. काकांच्या पासपोर्टची मुदत २०२५ मध्ये संपणार होती. त्यांना सही करता येते आहे तोवर तो नवा करून घ्या, असं मी सांगितलं आणि मुलीने ते लगेच केलं.

दुसरा मेडिकेअरचा, आणि तो अवघड होता. मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांना, काही मोजके अपवाद सोडले तर, पैसे देत नाही. मग सांगलीत राहून पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरमधल्या डॉक्टरांची फी आणि दाखल न होता घ्यायचे उपचार यांच्या भागाचा, हप्ता कशाला भरायचा? २०२४ मध्ये तो माणशी महिना १७४.७० डॉलर होता. पण एकदा सोडला की पुन्हा नाव घालायला वर्षातले पहिले तीनच महिने मिळतात आणि सोडलेल्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड पुढच्या हप्त्यांवर कायमचा बसतो. पुतण्याचं म्हणणं, दोघांचाही बंद करा. मुलीचं म्हणणं, दोघांचाही चालू ठेवा. शेवटी काकांचा बंद केला आणि काकूंचा चालू ठेवला. काका परत जाणार नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडाने ते काकूंनी एकट्यांनी म्हटलं.

तिसरा निर्णय घराचा. गावभागातल्या वाड्यात काकांचा हिस्सा होता आणि त्यांना तिथेच न्यावं असं काकूंच्या फार मनात होतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी गावभाग, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात होतं, आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. चालता न येणाऱ्या माणसाला रात्री होडीत घालून न्यायची वेळ येऊ शकते, अशा घरात ठेवायला मी ठाम नकार दिला. विश्रामबागेत पहिल्या मजल्यावरचा, लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. न्हाणीघरातला उंबरा काढला, भिंतींना दांड्या बसवल्या, इन्व्हर्टर घेतला.

चौथा पैशांचा. अमेरिकेचे नागरिक म्हणून तिथलं कर विवरणपत्र दरवर्षी भरावंच लागतं, आणि भारतातल्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम असेल तर त्याची वेगळी माहितीही द्यावी लागते. सोशल सिक्युरिटीवर दोन देशांमधल्या करारानुसार फक्त अमेरिकेत कर लागतो. इतकी वर्षं बाहेर राहून परतलेल्या माणसाच्या परदेशातल्या बाकी उत्पन्नावर भारतात पहिली दोन-तीन वर्षं साधारणपणे कर लागत नाही. हे सगळं सांगलीतल्या एका सीएने आणि मुलीने मिळून मार्गी लावलं. आरोग्य विम्याचं मात्र जमलं नाही. नव्या पॉलिसीसाठी ६५ वर्षांची अट एप्रिल २०२४ पासून गेली, पण अल्झायमर असलेल्या ऐंशीच्या माणसाला विकत घेण्यासारखी पॉलिसी मिळेना. म्हणून १५ लाखांची ठेव इस्पितळासाठी वेगळी काढली, ती काकूंच्या एकट्यांच्या नावावर.

पावसाळा टाळून नोव्हेंबर २०२३ मध्ये ते निघाले. नेवार्क ते मुंबई थेट विमान, सोबत मुलगी. मुंबईहून एका दमात सांगली गाठायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. वाटेत साताऱ्याला काकूंच्या बहिणीकडे दोन दिवस थांबले. तरीही पहिले तीन आठवडे काका कुणालाच ओळखत नव्हते. रात्रभर "घरी चला" म्हणायचे. काकूंनी मला फोन करून विचारलं, "चुकलं का गं माझं?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

सांगलीत काय झालं

रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली माणसं पहिल्या दोन महिन्यांत पाच वेळा बदलली. एक गावाला गेला तो आलाच नाही, एकाला दुसरीकडे जास्त पैसे मिळाले. विस्मृतीच्या रुग्णाला रोज नवा चेहरा म्हणजे रोज नवं भय. काका मारायला धावायचे. मग जत तालुक्यातले एक मामा आले, पन्नाशीचे, आधी एका दवाखान्यात वॉर्डबॉय असलेले. त्यांची पहिली सकाळ मी पाहिली. त्यांनी काकांना हात लावला नाही. समोर स्टुलावर बसले, वाटीत साबण फेसला आणि स्वतःच्या गालाला लावला. "आबा, दाढी करू या न्हवं?" काका बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच जीभ आतून लावून एक गाल फुगवला आणि मान वर केली. दाढी झाल्यावर मामांनी तांब्याभर पाणी पुढे केलं. काकांनी ते वरून, ओठ न लावता, एक थेंब न सांडता प्यायलं. काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

मामांना ठेवायचंच, हे त्या दिवशी ठरलं. ब्युरोकडे विचारल्यावर कळलं की काकू देत होत्या त्यातले बरेच पैसे मामांपर्यंत पोचतच नव्हते. ब्युरोला रीतसर एकरकमी पैसे देऊन काकूंनी त्यांना थेट कामावर घेतलं: दिवसपाळीचे १८,००० रुपये, आठवड्याला एक पगारी सुट्टी, गावच्या जत्रेला चार दिवस. रात्रपाळीच्या मावशींना १७,०००, सुट्टीचा नियम तोच. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस ठरलेला. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. परदेशापेक्षा इथे सांभाळ स्वस्त पडतो तो मुख्यतः मामा-मावशींसारख्यांच्या कमी पगारामुळे. जो तिथल्या पावणेसात लाखांतून सुटतो, त्याने इथे दोन-तीन हजारांसाठी आणि रविवारच्या सुट्टीसाठी घासाघीस करू नये. ती करणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याकडे माणूस टिकत नाही.

२०२४ मधला महिन्याचा हिशोब असा होता: दोन्ही पाळ्यांचे ३५,०००, घरभाडं १५,०००, स्वयंपाक आणि धुणीभांडी ९,०००, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी ६,०००, डॉक्टर-नर्सच्या घरच्या भेटी ४,०००, औषधं आणि डायपर ११,०००, किराणा, वीज आणि इतर १५,०००. एकूण ९५,००० रुपये, साडेअकराशे डॉलरच्या आत-बाहेर. पहिल्या वर्षी प्रवास, फर्निचर, हवा भरायची गादी आणि न्हाणीघराच्या कामाचे मिळून ९ लाख वेगळे गेले. सप्टेंबरमध्ये न्यूमोनिया झाला, त्याचे मिरजेतल्या इस्पितळात २ लाख ६० हजार झाले. मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ मध्येच सुरू झालं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गल्लोगल्ली तज्ज्ञ डॉक्टर आहेत. सांगली निवडताना हे आमच्या मनात होतं आणि त्या रात्री त्याचा उपयोग झाला. घरापासून इस्पितळात पोचायला वीस मिनिटं लागली.

कागदपत्रांत मात्र आम्ही अडकलो. वाड्यातला काकांचा हिस्सा विकून तो पैसा काकूंसाठी ठेवायचा, असा बेत होता. काकांनी अमेरिकेत मुलीच्या नावे मुखत्यारपत्र केलं होतं, तिथल्या कायद्याने माणसाची समज गेल्यावरही चालणारं. भारतात ते चालत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. दुय्यम निबंधकापुढे काकांना नेणं म्हणजे त्यांना न समजणाऱ्या कागदावर सही घेणं, आणि ते काकूंना मान्य नव्हतं. पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात, म्हणजे तेव्हा मुंबईला, जावं लागलं असतं. त्याच न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं ते ऑगस्ट २०२५ मध्ये. विक्रीचा बेत सोडून दिला. एका बँकेत काकांच्या नावावरचं जुनं खातंही असंच सहीअभावी पडून राहिलं.

आणि पुतणसून. पुतण्या हळदीच्या हंगामात दिवसभर मार्केट यार्डात असे. मामा आले नाहीत तर फोन तिला, डायपर संपले तर तिला, गॅसवाला, फिजिओ, रक्त तपासणीवाला, अमेरिकेतून रात्री साडेअकराला "आज काका काय जेवले?" विचारणारा व्हिडिओ कॉल, सगळं तिच्याकडे. तिची स्वतःची शाळेतली नोकरी होती. न्यूमोनियाच्या वेळी सात रात्री इस्पितळात तीच बसली. ऑक्टोबरमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, काकांचं करायला माझी ना नाही हो. पण मला कुणी विचारलंच नव्हतं."

तिचं खरं होतं. आठ महिन्यांच्या तयारीत किती कॉल झाले. मुलगी, मुलगा, पुतण्या, सीए, मी. त्यातल्या एकाही कॉलवर ती नव्हती, आणि ही चूक माझीसुद्धा आहे. त्यानंतर आम्ही एक निवृत्त परिचारिका महिना १०,००० रुपयांवर ठेवली. माणसांच्या पाळ्या, औषधं, डॉक्टरांशी बोलणं आणि अमेरिकेला रोजचा निरोप, एवढं तिचं काम. व्हिडिओ कॉलची वेळ रात्री आठच्या आत ठरली. मुलगा-मुलगी वर्षातून एकेक महिना आळीपाळीने येतील, असं लेखी ठरलं आणि त्यांनी ते पाळलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काका घरीच गेले. पुन्हा इस्पितळात न्यायचं नाही, हे काकूंनी आणि मुलांनी डॉक्टरांसमोर आधीच ठरवलं होतं. शेवटचे दोन महिने ते बोलत नव्हते. मामा दाढीचा साबण फेसायला लागले की गाल मात्र फुगवायचे.

त्यानंतर जे करावं लागलं त्याची तयारी कुणीच केली नव्हती. अमेरिकन नागरिकाचा मृत्यू म्हणून मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून दाखला घ्यावा लागला. सोशल सिक्युरिटीत दोघांची रक्कम मिळायची, ती आता एकच झाली. दोनपैकी मोठी असते ती मागे राहिलेल्याला मिळते. काकूंची मिळकत ३,९०० वरून २,५०० डॉलरवर आली. सांगलीत त्यावर आरामात राहता येतं, पण राहायचं कुठे, हा प्रश्न काका असेपर्यंत कुणी विचारलाच नव्हता.

आज पुन्हा ठरवायचं तर

याच कुटुंबाने पुन्हा माझा सल्ला मागितला, तर सांगलीला या असंच मी सांगेन. पण दोन वर्षं आधी या. २०२१ मध्ये काका स्वतः समजून सही करू शकत होते, वाड्याचा निर्णय स्वतः घेऊ शकले असते, नव्या घराची सवय त्यांना लागली असती. त्यांनी काय हवं-नको ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं असतं. निदान झाल्याबरोबर भारतातली मालमत्ता, खाती आणि मृत्युपत्र मार्गी लावायला हवं होतं. अमेरिकेतल्या मुखत्यारपत्रावर विसंबणं ही सगळ्यात महाग पडलेली चूक.

आधी तीन महिने राहून बघायचं की एकदम यायचं, यावर आम्ही खूप वाद घातला होता. काकांच्या बाबतीत चाचणी म्हणून दोन-तीन प्रवास करणं क्रूरपणा झाला असता, हे त्या पहिल्या तीन आठवड्यांनी दाखवून दिलं. काकूंनी मात्र एकटीने एक महिना आधी येऊन राहायला हवं होतं. घर, माणसं, ब्युरो, सगळं पारखून. पुतणसुनेशी समोरासमोर बसून बोलणंही तेव्हाच झालं असतं.

पार्ट बीचा निर्णय बरोबर ठरला. काकू मे ते सप्टेंबर २०२५ न्यूजर्सीला होत्या. तिथे दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, मेडिकेअरवर. ऑक्टोबरमध्ये त्या परत आल्या, विश्रामबागेतल्या त्याच फ्लॅटमध्ये. रात्रपाळीच्या मावशी आता काकूंच्या सोबतीला म्हणून येतात. मामा तासगावकडच्या एका घरी लागले आहेत, तिथेही विस्मृतीचेच आजोबा आहेत. जाताना काकूंनी त्यांना काकांचा तांब्या दिला. मामा आधी घेईनात. मग म्हणाले, "तिथल्या आबांस्नी पेल्यातलं पाणी जात न्हाई, लागंलच ह्यो."